दिनूची लेबलं

आमच्या घरात दोन आवाज कायम एकमेकांवर चढलेले असायचे. एक आईच्या भाकरी थापण्याचा आणि दुसरा दिनूच्या टीव्हीतल्या गाड्यांचा. आई परातीत तांदळाची भाकरी थापायची तेव्हा तिच्या बांगड्या एका लयीत वाजायच्या, आणि मागे गाड्या किंचाळत वळणं घ्यायच्या, आपटायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या. "बंद कर रे ता, माझा डोक्या फुटता," आई ओरडायची. दिनू म्हणायचा, "ही शेवटची, आई." त्याची शेवटची कधीच शेवटची नसायची. दहिसरला नदीच्या अलीकडे आमची चाळ होती. मागच्या रांगेतली खोली, वर पोटमाळा, दारात पाण्याची दोन पिंपं. संध्याकाळी घरात सुकटीचा वास असायचा, नाहीतर कुळथाच्या पिठीचा. बाबा चेकनाक्याजवळ बादल्यांच्या कारखान्यात जायचे आणि घरी आले की त्यांच्या शर्टाला वितळलेल्या प्लास्टिकचा वास यायचा. तो वास धुतला तरी जात नसे. मला तो आवडायचा. तो आला म्हणजे सगळी माणसं घरात आली.

आई-बाबा एकमेकांशी गावची मालवणी बोलायचे. आम्ही दोघं भावंडं चाळीतली मराठी बोलायचो, अर्धी हिंदीत बुडवलेली. मला सगळे बेबी म्हणत. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. कोणी मारलं नाही की रागावलं नाही. आमच्या चाळीत पाणी शाळेच्या वेळेतच यायचं, आई सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली होती, आणि पिंपं भरायला कोणीतरी घरी असायला हवं होतं. दिनू माझ्याहून मोठा होता, पण तो मुलगा. त्याच्यापुरता प्रश्नच निघाला नाही. तो दहावीपर्यंत गेला, नापास झाला, आणि केबलवाल्याकडे कामाला लागला. खांद्यावर काळ्या वायरीचं वेटोळं टाकून बोरिवली ते दहिसर सगळ्या गच्च्या त्याने पालथ्या घातल्या. कोणाच्या गच्चीतून देऊळ दिसतं, कोणाच्या गच्चीतून पार्कातलं जंगल, हे तो मला सांगायचा. मी दाराबाहेर फारशी पडत नसे. लोक माझ्याशी बोलले की माझी मान खाली जायची. अजून जाते. लोकांना वाटतं घमेंड आहे.

पगारातून त्याने कोणाकडून तरी गेमचं जुनं मशीन घेतलं. त्याच्या सीड्या महाग, म्हणून त्याने शक्कल काढली. मशीन असलेल्या सगळ्या पोरांनी आपापल्या सीड्या एकत्र ठेवायच्या, त्याच्याकडे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ज्याला जी हवी ती त्याने न्यायची आणि आठवड्याने परत आणायची. बहुतेक सीड्या कॉपी केलेल्या, वर ना चित्र ना नाव, नुसत्या पांढऱ्या-चंदेरी. कोणाची कोणती ते कळेना. मग दिनूने वहीवर लावायची लेबलं आणली, शाळेची, निळ्या चौकटीची. नाव, इयत्ता, विषय. मागचा कागद सोलायचा आणि चिकटवायचं. नाव म्हणजे सीडीचा मालक. विषय म्हणजे आत काय आहे ते. आणि इयत्ता म्हणजे गेम किती अवघड. बालवाडी म्हणजे कोणीही खेळेल, दहावी म्हणजे दिनू स्वतः नापास. त्याचं अक्षर मोठं, गोल, थोडं मागे झुकलेलं, पाठीला टेकून बसलेल्या माणसासारखं. मी बाजूला बसून कागद सोलून द्यायचे आणि तो मोठ्याने म्हणत लिहायचा, "नाव, संजू. इयत्ता, सातवी. विषय, उड्या." मी म्हटलं, "उड्या काय विषय असतो?" तो म्हणाला, "तुझ्या शाळेत नव्हता. म्हणून तू सोडलीस."

एक सीडी त्याने माझ्यासाठी आणली होती. एक टोपली, वरून फळं पडतात, ती झेलायची, एवढंच. तिच्यावर त्याने लिहिलं : नाव, बेबी. इयत्ता, चौथी. विषय, फळे. मला तेव्हा थोडं लागलं. मग बघितलं तर तो हसत नव्हता. तो म्हणाला, "पाचवीची नंतर आणतो. आधी ही पास हो."

त्या लेबलांपायी एकदा दारात भांडण आलं. बोरिवलीला टॉवरमध्ये राहणारा मितेश नावाचा गुजराती मुलगा होता. त्याच्या घरी दिनू केबल जोडायला गेला होता आणि तिथेच दोघांची दोस्ती झाली होती. एका रविवारी तो स्कूटरवरून थेट आमच्या चाळीत आला. बाबा जेवत होते. त्याने सीडी बाबांच्या पुढ्यात धरली. "अंकल, हे वाचा. वाचा ना तुम्हीच." बाबांनी भाताचा हात ताटाच्या काठाला टेकवला आणि सावकाश वाचलं, "नाव, मितेश. इयत्ता, पहिली, कंसात चौथ्यांदा. विषय, रडणे." मी पडद्यामागे होते, मला हसू आवरेना. मितेशचा चेहरा लाल झाला होता. "ग्राउंडवर सगळे मला पहिली बोलतात, अंकल. ए पहिली, इकडे ये. ए पहिली, बॉल आण."

दिनू पोटमाळ्यावरून उतरला. "मस्करी होती यार. एवढं काय!"

"काढ ते आत्ता. नाहीतर मी ओरबाडतो."

"ओरबाडू नको, वाट लागेल सीडीची. ठेव इकडे, मी नीट काढून देतो. सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"अरे येईल ना सोमवार!"

मितेश गेला. बाबा पुन्हा जेवू लागले. मधेच ते म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूर असां लिवचा नाय, झिला. काढून दी त्येका." बाबा इतकं कमी बोलायचे की त्यांचं एक वाक्य घरात दिवसभर फिरत राहायचं. दिनू म्हणाला, "देतो ओ बाबा." सीडी डब्यात गेली. सोमवार आले आणि गेले.

मग दिनू गेला. बोरिवलीत एका गच्चीवरून समोरच्या गच्चीवर वायर टाकत होता, तिथून. मी तिथे नव्हते आणि त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही. त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या खांद्यावर वायरीचा काळा वळ तसाच होता, तेवढं लिहिते.

सुतकात आमच्या घरात चूल पेटली नाही. शेजारपाजारचे आळीपाळीने डबे आणायचे, बिनफोडणीचं वरण आणि भात. घर इतकं शांत झालं की पिंपात टपटप पडणारं पाणी ऐकू यायचं. आई भिंतीला टेकून बसायची. कोणी आलं की रडायची, गेलं की थांबायची. दहाव्या दिवशी पुरुष घाटावर गेले. आमच्याकडे बायका जात नाहीत, त्यामुळे तिथे काय झालं ते मी ऐकलेलं लिहिते आहे. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, ते घरी येऊन सांगितलं. पिंड ठेवला आणि कावळा येईना. आजूबाजूच्या झाडांवर कावळे होते, दुसऱ्यांच्या पिंडांवर बसत होते, आमच्या पिंडाकडे बघून उडून जात होते. मग रीतीप्रमाणे एकेकाने हात जोडून मोठ्याने बोलायला सुरुवात केली. काका म्हणाले, "दिनू, तुझ्या आईबापाक आमी बघू." कावळा नाही. मामा म्हणाले, "बेबीचा लगीन चांगल्या घरात करू." कावळा नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू. तेव्हा बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "झिला, ती तुझी लेबलां काढून सगळ्या सीडी ज्येच्या त्येका परत देतलंय. मितेशची पण." काका सांगत होते, वाक्य पुरं झालं नव्हतं तेवढ्यात कावळ्याने चोच मारली.

आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने विचारलं, "खरांच चोच मारल्यान?" काका म्हणाले, "वैनी, ह्या डोळ्यांनी बघलंय." तेव्हापासून आमच्या घरात त्या डब्याबद्दल कोणी साधं बोललं नाही. आई त्याच्याकडे अशी बघायची जसं काही दिनू त्यात अडकलेला आहे आणि शेवटची सीडी बाहेर गेली की सुटेल. मी आता त्या गोष्टींवर विश्वास ठेवते का, असं माझ्या मुलीने मागे विचारलं होतं. आताचं सोडा. तेव्हा मी ठेवला होता. आम्ही तिघांनीही ठेवला होता, एवढं खरं.

सुतक संपल्यावर बाबांनी डबा खाली काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू घरात असतंस. बघ कसां जमता." जायच्या आधी दाराशी थांबून म्हणाले, "एक पण खराब होता नये."

मला काहीच माहीत नव्हतं. दिनूबरोबर केबलचं काम करणारा संतोष आईला भेटायला यायचा. बाबांनी त्याला विचारलं. मी आतून ऐकत होते, तेव्हा तो आत डोकावून म्हणाला, "अगं बाहेर ये, तुलाच दाखवायचंय." मी मान खाली घालून बसले. त्याने एक सीडी हातात घेतली, कडेला धरून. म्हणाला, "सगळ्यांना वाटतं ही चकचकीत बाजू नाजूक. ही नाही गं. हिच्यावर जाड प्लास्टिक आहे. नाजूक ही वरची, जिथे त्याने लेबल मारलंय. ह्याच्या खाली लगेच चांदी, आणि तिच्यावर नुसता वार्निशसारखा पातळ हात फिरवलेला. गेम त्या चांदीतच आहे. लेबल सुकं ओढलंस तर चांदी त्याच्याबरोबर निघून येते. मग संपलं." मी खालीच बघत विचारलं, "रॉकेल लावलं तर?" "रॉकेल नको, थिनर तर अजिबात नको. नखं नको, सुरी नको, गरम पाणी नको. खोबरेल लाव. लेबल भिजू दे, कागद आरपार दिसायला लागला की अंगठ्याने हळूहळू मळ. घाई नको करू." जाताना म्हणाला, "दिन्या स्वतः असंच करायचा. मला त्यानेच शिकवलं."

खोबरेलाची बाटली सुतकात वर ठेवली होती, कारण त्या दिवसांत केसांना तेल लावत नाहीत. मी ती काढली तेव्हा आई म्हणाली, "माका नको. त्येंका लाव." मी पहिली सीडी माझीच घेतली. बिघडली तर माझी बिघडेल. जुन्या धोतराचा मऊ तुकडा अंथरला, त्यावर सीडी, आणि बोटाने तेल लेबलावर लावलं. तेल थोडं थोडं मुरत गेलं. कागद आधी पिवळा झाला, मग काचेसारखा, आणि काही वेळ दिनूची अक्षरं नुसती हवेत असल्यासारखी दिसत होती. बेबी. चौथी. फळे. मग मी अंगठा ठेवला आणि मळलं. कागदाच्या बारीक वळकट्या होत आल्या, शेवयांसारख्या, शाई लागून निळसर झालेल्या. खाली डिंकाचा थर राहिला, त्यावर पुन्हा तेल, पुन्हा अंगठा. मग भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकून पुसलं, आणि कोरड्या फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसून घेतलं, गोल नाही, कारण गोल ओरखडा सगळ्यात वाईट असं संतोष म्हणाला होता. सीडी कोरी झाली. मी ती उचलून बघितली. तिच्यात माझा चेहरा दिसत होता आणि दुसरं काही नव्हतं.

ती सीडी माझ्याकडे आहे. ती लावायचं मशीन आता कोणाकडे नाही. आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, मी त्यातच राहते, आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून लोक खिडक्यांत जुन्या सीड्या दोऱ्याने टांगतात. वाऱ्यावर त्या फिरतात, भिंतींवर उजेड पळतो. खाली भाजी घ्यायला गेले की मी वर बघत नाही.

रोज दुपारी पाणी भरून झालं की मी दोन-तीन सीड्या करायचे. पहिल्या दिवशी आई लांबून बघत होती. दुसऱ्या दिवशी जवळ येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण दिनूचं अक्षर तिला ओळखू यायचं, माणसाची चाल लांबून ओळखू येते तसं. मी कागद मळायला लागले की तिचं तोंड बारीक व्हायचं. "लिवलेला खंय गेला?" तिने विचारलं.

"कागदाबरोबर जातं, आई."

"ठेवून नाय काढता येणा?"

"नाही. कागद ठेवला तर सीडी जाते. सीडी ठेवायची तर कागद जातो."

माझं झाल्यावर तिने फडक्यावरच्या त्या वळकट्या चिमटीने वेचल्या, एक सुद्धा न सोडता, आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी मी डबी उघडून बघितली तर सगळ्यांचा तेलकट राखाडी गोळा झाला होता. त्यात अक्षर कुठलं आणि मळ कुठला, काही कळत नव्हतं. आईनेही तो बघितला असणार. कारण त्यानंतर तिने वेचायचं बंद केलं.

तो दिवस मला नीट आठवतो. गिरणीतून दळण आणायचं होतं. गर्दी होती, मला उशीर झाला. मी परत आले तेव्हा आई दारातच उभी होती, आणि तिचा चेहरा असा होता की मला क्षणभर वाटलं, काहीतरी चुकून उलटं झालं आणि दिनू आला. "बेबी, गो बेबी, हय ये. सगळा निघाला बघ! अख्खा! मिया काढलंय." तिच्या तळहातावर एक लेबल होतं. अख्खं, निळ्या चौकटीसकट, एक कोपराही न फाटलेलं. सगळ्यात जास्त शाई ज्याच्यावर होती ते तिने निवडलं होतं. तव्याची धग देऊन, भाकरी उलटायच्या सवयीने, बोटांच्या टोकांनी, सगळी दुपार घालवून तिने ते सुकं सोलून काढलं होतं. "तू म्हणालंस निघणा नाय. निघाला काय नाय? आणि बघ, मागसून कसा चकचकता."

तिने लेबल उलटं केलं. मागे चांदी होती. आरशासारखी, चौकोनी, स्वच्छ.

मी तिच्या बाजूने आत गेले. सीडी फडक्यावर होती. तिच्यात लेबलाएवढी खिडकी पडली होती आणि खिडकीतून धोतराचा विणलेला धागा दिसत होता. मी सीडी उचलली आणि तिच्यातून मला आई दिसली. मी ते लेबल तिच्या हातात वाचलं, वाचायची गरज नव्हती तरी. मितेश. पहिली, कंसात चौथ्यांदा. रडणे.

मी सीडी तिच्यापुढे धरली आणि बोट खिडकीवर ठेवलं. आईने सीडीकडे बघितलं, मग लेबलाच्या मागच्या चांदीकडे, मग पुन्हा सीडीकडे. तिला वाचता येत नसलं तरी हे कळायला वाचावं लागत नव्हतं. "ह्या... ह्या परत बसात काय?" तिने लेबल त्या जागेवर ठेवलं आणि दाबलं. नीट बसलं. मग सोडलं तर ते सरकलं. "कोणाची?" ती म्हणाली. मी सांगितलं. ती खाली बसली. एकदम नाही, भिंतीला धरून धरून. "आता तो खंय जातलो?" एवढंच ती म्हणत राहिली. "घातलंय गो मीच त्येका अडकून. आता तो खंय जातलो?"

बाबा आले. मीच सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील, निदान आईकडे बघतील तरी. त्यांनी सीडी हातात घेतली, दिव्यासमोर धरली, खाली ठेवली. बराच वेळ पायातल्या चपला न काढता पलंगाच्या कडेला बसून राहिले. मग म्हणाले, "खराब तर खराब. त्येची ती त्येका दिवक व्हयी. चल बेबी." मी म्हटलं, "मी?" ते म्हणाले, "माका टावरातला कळणा नाय. तू वाचशीत घराचा नंबर." त्यांना चांगलं वाचता येत होतं. त्यांना एकट्याने जायचं नव्हतं.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा आई उठली. तिच्या हातात ते लेबल होतं. तिने ते बाबांपुढे धरलं. "ह्या पण घेवन जावा."

"ऱ्हवांदे तुका," बाबा म्हणाले.

"नको. त्येची चांदी आसा ती."

बाबांनी लेबल वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून खिशात ठेवलं. आईने हात पदराला पुसला, पुन्हा पुन्हा.

मितेशचा टॉवर बोरिवलीला होता. लिफ्टमध्ये आरसा होता आणि आम्ही दोघं त्यात न बघता उभे होतो. पत्ता संतोषने सांगितला होता. दार मितेशनेच उघडलं. हाफ पँट, हातात वडी की कसलातरी तुकडा, मागे मोठ्याने टीव्ही. आधी त्याने ओळखलं नाही, मग म्हणाला, "अरे, दिनेशचे पप्पा! या ना, या." बाबा आत गेले नाहीत. चपला काढून दाराबाहेरच उभे राहिले. त्यांनी सीडी पुढे केली. "ही तुझी. लेबल काढताना खराब झाली. आमच्या हातून. माफ कर."

मितेशने सीडी घेतली आणि डोळ्यासमोर धरली. त्या खिडकीतून त्याने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आरपार! हे कसं काय केलं, अंकल?" तो हसला, मग म्हणाला, "अहो, ह्याच्यासाठी इतक्या लांब आलात? मी मशीन विकलं सुद्धा. फेकून द्यायची ना."

"नाय. तू घे. तू घेतलंस की झाला."

"बरं, घेतली." त्याने सीडी चपलांच्या कपाटावर ठेवली. बाबांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि लेबल त्याच्या हातावर ठेवलं. मितेशने ते वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला भीती वाटत होती. आधी त्याचे खांदे हलायला लागले आणि तो मोठ्याने हसला. "चौथ्यांदा! साला... काय माणूस आहे यार हा! मी तर विसरलो पण होतो. हे मी ठेवतो हां, अंकल. मित्रांना दाखवतो." त्याने दाराच्या चौकटीवर ते लावून बघितलं. डिंक उरला नव्हता, ते पडलं. त्याने उचलून फुंकर मारली. "आहे कुठे तो? बहुत दिवस दिसला नाय. वायरचं काम सोडलं काय? त्याला सांगा, राग-बिग काही नाय आता. सांगा, ये म्हणावं घरी. बरा आहे ना?"

त्याला माहीत नव्हतं. मी बाबांच्या पाठीकडे बघितलं. शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता आणि तो हलत नव्हता. आत टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, आता सांगावं लागेल, आणि बाबांना सांगता आलं नाही तर मलाच. माझ्या तोंडात शब्द तयार होते. मान खाली गेलेली होती.

"बरो आसा," बाबा म्हणाले. मग त्यांना आठवलं, समोर कोण आहे ते. "बरा आहे. सांगतो त्याला."

आम्ही परत आलो. चाळीत शिरताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. असं त्यांनी त्याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही.

आई दारात नव्हती, आत चुलीपाशी बसली होती. चूल थंड होती. बाबांनी पाय धुतले, ती थांबली. त्यांनी पाय पुसले, ती थांबली. मग तिने विचारलं, "घेतल्यान?"

"घेतल्यान."

"ता लेबल पण?"

"ता पण. हसलो वाचून."

"रागान?"

"नाय गो. राग नाय म्हणालो. तसा सांगूक सांगल्यान."

आईने वर बघितलं. "कोणाक सांगूक?"

बाबांनी टॉवेल दोरीवर टाकला, तो नीट पसरला, त्याच्या दोन्ही कडा सारख्या केल्या. "दिनूक. त्येका म्हायत नाय. बरो आसा काय इचारल्यान."

"मगे तुमी?"

"बरो आसा म्हटलंय. सांगतंय म्हटलंय."

मी पिंपापाशी उभी होते. मला वाटलं, आता ती छाती बडवेल, आता शेजारी धावत येतील. आई बाबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरां केलात." इतकं हळू म्हणाली की बाबांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

ती उठली, कोपऱ्यातला पत्र्याचा डबा ओढून तिने पुढ्यात घेतला आणि धोतराचा तुकडा जमिनीवर पसरला. "तेल आण गो बेबी." मी म्हटलं, "आई, मी करते उद्या." ती म्हणाली, "आण." मी वाटीत तेल ओतून तिच्याशेजारी ठेवलं. तिने डब्यातून वरची सीडी काढली, संतोषने मला शिकवलं होतं तशी कडेने धरली, आणि माझ्यापुढे केली.

"वाच."

"नाव, संजू," मी वाचलं. "इयत्ता, सातवी. विषय, उड्या."

"संजू. सातवी. उड्या," आई म्हणाली. मग तिने बोट तेलात बुडवलं आणि त्या अक्षरांवर टेकवलं.